जुन्या पिकअपच्या हौद्याचा लाकडी तळ बदलायचा आहे: लाकूड, बोल्ट आणि वार्निशबद्दल प्रश्न

हौदा_५३

नमस्कार. गाडी १९५३ ची शेवरोले ३१००, अर्धा टनी, बाहेर फेंडर असलेला अरुंद हौदा. आठ फळ्या, त्यांच्या मध्ये सात लोखंडी पट्ट्या. फाळक्याकडची टोकं पूर्ण कुजली आहेत. मधल्या दोन फळ्या पन्हळीसारख्या वाकल्यात आणि त्यांच्यावरच्या पट्ट्या उचलल्या गेल्यात. फळ्यांना खालून आधार देणारे आडवे लोखंडी चॅनेल वरवर गंजलेत, पण हातोडीने ठोकून पाहिले तर आवाज भरीव येतो.

गाडी प्रदर्शनापुरती ठेवायची नाही, अधूनमधून सामान वाहणार आहे. विचारायचं आहे ते असं:

१. तयार फळ्यांचा संच न घेता फळ्या स्वतः रंधून, खाच पाडून केल्या तर चालतील का? लाकूड कोणतं घ्यावं?
२. फळ्या एकमेकींना घट्ट भिडवायच्या की फट ठेवायची? ठेवायची तर किती?
३. वार्निश की तेल?

रंधा_पटाशी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. या तळाची रचना तरंगती आहे. बोल्ट फळ्यांतून जात नाहीत, दोन फळ्यांमधल्या फटीतून जातात. बोल्ट पट्टीला खाली ओढतो, पट्टीच्या दोन्ही कडा शेजारच्या फळ्यांच्या खाचेवर दाब देतात आणि फळी त्या दाबाखाली रुंदीत मोकळेपणाने फुगते-आकसते. ही मोकळीक काढून घेतली की फळी वाकते, नाहीतर चिरते. तुमच्या मधल्या दोन फळ्या बहुधा अशाच अडकल्या असाव्यात.

आता हिशोब. ओकची साधी कापलेली फळी (म्हणजे वर्षवलयं फळीच्या रुंदीला साधारण समांतर) ओलाव्यात दर १ टक्का फरक पडला की रुंदीच्या सुमारे ०.३७ टक्के हलते. भट्टीत वाळवलेलं लाकूड ७-८ टक्के ओलाव्याचं मिळतं. छपराखालीही ते १२ टक्क्यांच्या आसपास जाऊन स्थिरावतं. म्हणजे फरक ४ टक्के. तुमची फळी साधारण साडेपाच इंच, म्हणजे १४० मिमी असेल असं धरलं तर एक फळी २ मिमी फुगेल आणि आठ मिळून १६ मिमी. घट्ट भिडवल्या तर हे १६ मिमी जाणार कुठे? एकतर बाजूचे पत्रे बाहेर ढकलले जातील, नाहीतर फळ्या वर उचलल्या जातील.

पट्टीचे बोल्ट ५/१६ इंची, म्हणजे जवळजवळ ८ मिमी. फट १० मिमी ठेवली आणि लाकूड २ मिमी फुगलं की फळ्या बोल्टला टेकतात, शिल्लक काही राहत नाही. म्हणून लाकूड भट्टीतून ताजं आलेलं असेल तर फट ११ मिमी ठेवा. दोन-तीन आठवडे त्याच जागेत, मध्ये काड्या घालून रचून ठेवलं असेल आणि ओलावामापक ११-१२ दाखवत असेल तर साडेनऊ-दहा पुरे. मापक नसेल तर ११ धरा. ती फट पट्टीखाली झाकलीच जाते.

उलट बाजूही बघा. कोरड्या हवेत फळी आकसल्यावर पट्टीची कड दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी लाकडावर राहिली पाहिजे. तुमच्याच पट्टीची रुंदी मोजून खाच ठरवा. खाचेची खोली अशी हवी की पट्टीची कड फळीच्या पृष्ठभागाशी सपाट बसेल आणि फक्त मधला उंचवटा वर दिसेल. खाच उथळ झाली तर पट्टीच्या कडेला सामान अडकतं. खोल झाली तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाणी साचणारी नाली तयार होते, आणि कुजणं तिथूनच सुरू होतं.

लाकूड: कारखान्यातून शेवरोलेच्या या गाड्यांत पाईन यायचं, तेही रंगवलेलं. चकचकीत ओक आणि पॉलिश केलेल्या पट्ट्या ही नंतरची हौस आहे. सामान वाहायचं असेल तर माझं मत पांढऱ्या ओकच्या बाजूने. त्याच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या आतून बुजलेल्या असतात, त्यामुळे टोकातून पाणी वर चढत नाही. लाल ओकच्या नळ्या उघड्या असतात. छोट्या तुकड्याच्या एका टोकातून फुंकर मारली तर पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या टोकाला बुडबुडे येतात. तेच पाणी फाळक्याकडच्या टोकातून आत शिरतं. लाल ओक स्वस्त पडला म्हणून घेतलात तर टोकं बंद करण्यात जराही हयगय नको. ऍश मजबूत आणि लवचिक आहे, पण कुजण्याला टिकत नाही. सागवान सगळ्यांत कमी हलतं, फक्त त्याच्या तेलामुळे वार्निश धरत नाही. लावण्याआधी फळी थिनरने पुसून लगेच पहिला हात द्यावा लागतो.

पांढऱ्या ओकची एक खोड आहे. त्यातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) ओल्या लोखंडाशी मिळून निळेकाळे डाग पाडतं. त्यामुळे साधे काळे बोल्ट वापरू नका. स्टेनलेस घ्या, आणि चॅनेल प्रायमर व रंग दिल्याशिवाय लाकडाखाली घालू नका.

फळ्या स्वतः करायला हरकत काहीच नाही. तयार जाडी पाऊण इंच लागते, म्हणून एक इंची कच्च्या फळ्या घ्या, आठ लागत असतील तर दहा. गाठ टोकापासून हातभर अंतरात असेल ती फळी बाजूला ठेवा. टेबल सॉवर खाच दोन कापांत पाडा, आणि सगळ्या फळ्यांची खाच एकाच बसवणीत उरका. मध्ये सेटिंग हललं की पट्ट्या पातळीत बसत नाहीत. हौद्याची आतली लांबी सुमारे ७८ इंच आणि रुंदी सुमारे ५० इंच असते, पण कापताना आपल्याच हौद्याचं माप घ्या. याच मालिकेत वेगवेगळ्या वर्षी फळ्यांची संख्या आणि भोकांची ठेवण वेगळी आहे. दुसऱ्या वर्षाचा संच "बसेल" म्हणून घेतला की पट्टीची भोकं चॅनेलच्या भोकांवर येत नाहीत.

गंजपारखी

वरचं सगळं बरोबर. मी बसवण्याच्या क्रमाबद्दल लिहितो, कारण चांगल्या फळ्यासुद्धा तिथे वाया जातात.

जुना तळ काढण्याआधी हौद्याचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. फळ्या निघाल्या की बाजूचे पत्रे मोकळे होतात आणि चौकट समांतरभुज होते. नवा तळ त्या तिरक्या चौकटीत बसवला की फाळका एका बाजूला घासतो, दुसऱ्या बाजूला उघडा राहतो. अंतिम आवळणीआधी दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. फाळका लावून, बंद करून बघा आणि मगच आवळा.

तुमच्या आठ फळ्यांत मधली, म्हणजे चौथी पट्टी बरोबर मध्यरेषेवर येते. ती आधी सैल लावा आणि तिथून दोन्हीकडे सरकत जा. साचलेली चूक शेवटी कडेच्या दोन फळ्यांत येईल. म्हणून त्या दोन फळ्या मुद्दाम ५-६ मिमी रुंद ठेवून शेवटी मापाला कापायच्या. एका कडेपासून सुरुवात केली तर सगळी चूक दुसऱ्या कडेला जमा होते आणि तिथली कोनपट्टी बसत नाही.

हे सगळं आधी कोरडं बसवायचं, वार्निश न लावता. हौदा गाडीच्या चॅसीला धरून ठेवणारे मोठे बोल्ट मात्र फळ्यांतूनच जातात. त्यांच्या जागा खालून, चॅनेलच्या भोकातून पेन्सिलीने खुणावून घ्या. फळी काढून बोल्टापेक्षा ४-५ मिमी मोठं भोक पाडा, म्हणजे तिथेही लाकूड हलू शकेल. वर रुंद वॉशर द्या. भोकात फळीच्या जाडीइतका, म्हणजे पाऊण इंच लांबीचा लोखंडी नळीचा तुकडा बसवला तर आवळताना लाकूड चेंगरत नाही. तो नसेल तर लाकूड हळूहळू दबतं, बोल्ट सैल होतो आणि हौदा खडखडायला लागतो. मग लोक तो आणखी आवळतात आणि फळी फुटते.

सगळी भोकं, खाचा, काप झाल्यावरच वार्निश. वार्निशनंतर पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं दार.

पट्टीचे बोल्ट आवळताना स्प्रिंग वॉशर चपटा होईपर्यंत आणि वर पाव फेरा, एवढंच. मधून कडेकडे जा. स्टेनलेसचे नट-बोल्ट एकमेकांना चिकटून बसतात, विशेषतः आत नायलॉनची कडी असलेले नट यंत्राने जोरात फिरवले तर. आट्यांवर अँटीसीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा आणि हाताच्या पान्याने सावकाश आवळा. बोल्टची लांबी जुना बोल्ट मोजूनच ठरवा. पट्टी, लाकूड आणि चॅनेल धरून नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत.

चॅनेल आणि फळी यांच्यामध्ये सलग रबर किंवा नमदा घालू नका. आवाज कमी होतो खरा, पण पाणी धरून राहतं. घालायचंच असेल तर फक्त बोल्टांच्या जागी छोटे तुकडे.

वार्निशवाला

तिसरा प्रश्न माझ्याकडे घेतो.

काय लावता यापेक्षा कुठे कुठे लावता हे महत्त्वाचं. वरची बाजू सहा हात आणि खालची कोरी, असं केलं की फळी खालून ओलावा घेते, वरून घेत नाही, आणि पन्हळते. वर, खाली, दोन्ही कडा, खाचा, भोकांच्या आत, आणि सर्वांत जास्त टोकांना. टोकं स्पंजासारखी पितात. पातळ भेदक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायची, लाकडात मुरून कडक होणारी राळ) टोकांवर लावत राहा, शोषणं थांबेपर्यंत. इपॉक्सी उन्हात पांढुरकं होतं, म्हणून दिसणाऱ्या भागावर त्याच्यावर वार्निश हवंच.

वार्निश घ्यायचं तर होड्यांसाठी असतं ते, अतिनील किरण रोखणारं. ते लवचिक राहतं, लाकडाबरोबर हलतं. घरातल्या फर्निचरचं कडक पॉलियुरेथेन बाहेर तडकतं. पहिला हात निम्मं थिनर घालून, दुसरा पाव, पुढचे चार जसेच्या तसे. मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर. कोऱ्या लाकडाला मात्र १५० च्या पुढे घासू नका, फार गुळगुळीत झालं की पहिला हात मुरत नाही. खालच्या बाजूला तीन-चार हात पुरतात, किंवा सरळ तेलरंगाचा प्रायमर आणि दोन हात काळा रंग. खाली कोणी सौंदर्य बघत नाही.

पण सामान वाहायचं आहे असं लिहिलंत, म्हणून माझी शिफारस तेलाची. वार्निशवर ओरखडा पडला की पाणी थराखाली शिरतं, थर सुटतो आणि पूर्ण फळी घासून परत करावी लागते. तेलाचा ओरखडा चिंधीने पुसून भरता येतो. उकळलेलं जवस तेल आणि टर्पेंटाईन समसमान, तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर न मुरलेलं तेल पुसून काढायचं. त्यानंतर वर्षातून एकदा तरी परत लावावं लागेल. फळीवर पाणी शिंपडा, थेंब उभा राहिला नाही तर वेळ झाली.

जवस तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सुटते आणि ढीग आपोआप पेटतो. एकेक चिंधी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

रंधा_पटाशी

तेलाबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. गाडी बाहेर उभी राहणार असेल तर फक्त तेलावर ओक करडा पडतो आणि खाचांत बुरशी धरते. मधला मार्ग: टोकं, खाचा, कडा आणि खालची बाजू इपॉक्सी किंवा रंगाने बंद, तेल फक्त वरच्या तोंडाला. वरचा भाग पुन्हा तेल लावायला हाताशी असतो, बाकीचा सगळं खोलल्याशिवाय मिळत नाही.

हौदा_५३

खूप आभार. गाडी छपराखाली असते, त्यामुळे मधला मार्गच धरतो. आणखी एक: पट्ट्या सरळ करून परत वापराव्यात असं वाटतं, पण निम्मे बोल्ट नट फिरवताना डोक्यासकट फिरतात. डोकं वरून पकडता येत नाही. पट्टी न बिघडवता कसे काढायचे?

गंजपारखी

पट्टीची चौकोनी भोकं गंजून गोल झाली की असं होतं. नटाच्या मागे लागू नका. लाकूड तसंही जाणार आहे, तेच आधी काढा. हाताच्या सर्क्युलर सॉची खोली फळीच्या जाडीपेक्षा २ मिमी कमी ठेवा, प्रत्येक फळी पट्टीच्या कडेपासून दोन बोटं आत लांबीने कापा आणि मधला भाग पटाशीने उचकटून काढा. उरलेल्या चिंचोळ्या कडा पट्टीखालून फोडून बाहेर येतात. मग बोल्टचा दांडा पट्टी आणि चॅनेल यांच्यामध्ये उघडा पडतो. तिथे लोखंड कापायचं पातं लावलेली करवत घालून दांडा कापा. पट्टीला धक्का लागत नाही.

कापण्याआधी बॅटरी सोडा. मागच्या दिव्यांच्या वायरी चॅसीच्या कडेने गेलेल्या असतात, ब्रेकची नळीही खालून जाते. त्यांवर पत्र्याचा तुकडा आडवा धरा. ग्राइंडर वापरणार असाल तर ठिणग्या कुठे उडतात ते बघा, पेट्रोलच्या नळीजवळ नको, आणि जुनं वाळकं लाकूड धुमसत राहतं म्हणून पाण्याची बादली जवळ असू द्या.

पट्ट्या परत वापरताना गोल झालेली भोकं वेल्डिंगने भरून चौकोनी कानशीने पुन्हा ५/१६ ची करा. नुसता नवा बोल्ट घातला तर तोही फिरेल. ज्या पट्टीला खालून खड्डे पडलेत ती बदलाच. सरळ केली तरी आवळताना भोकाशी वाकते आणि बाकीच्या सहांच्या पातळीत बसत नाही.