रिहॅबमधली फ्रेल्टी दारातून बघून कळते का?

चालतीबोलती: काल एका पोस्टवर वाचलं, ‘कार्डिअ‍ॅक रिहॅबमध्ये (हृदयाच्या आजारानंतरच्या व्यायाम-उपचारात) म्हाताऱ्यांची फ्रेल्टी, म्हणजे म्हातारपणी येणारा दुबळेपणा, मोजत बसणं हा वेळेचा अपव्यय. पेशंट दारातून आत आला की अनुभवी माणसाला कळतं.’ तेव्हापासून डोकं उठलंय. मी फिजिओ आहे, मलाही कळतं असंच वाटायचं. बायपास झालेल्या ऐंशीच्या आजी आल्या, ताठ कणा, बोलायला चुरचुरीत. छातीवर हात घेऊन खुर्चीतून ५ वेळा उठायला सांगितलं. तिसऱ्या वेळी हात आपसूक खुर्चीच्या दांडीकडे गेला, चौथ्यांदा उठताच येईना. छातीचं हाड जुळेपर्यंत हातांवर जोर द्यायचा नाही, आणि पायांत जोर नाही. मग ही बाई घरी उठते कशी? मी त्यांना थेट ट्रेडमिलवर चढवणार होते! तोल, ४ मीटर चाल आणि खुर्ची, एवढ्याच एसपीपीबी या चाचणीला १० मिनिटं लागतात.

जुनाजाणता: ती पोस्ट माझीच. फ्रेल्टी ओळखायचे, संशोधक फ्रीड यांचे २००१ चे निकष घ्या: वर्षात न ठरवता साडेचार किलो वजन घटणं, थकवा, ढिली पकड, मंद चाल, कमी हालचाल. ५ पैकी ३ भरले की फ्रेल. हार्ट फेल्युअरमध्ये डाययुरेटिकने (लघवी वाढवणाऱ्या औषधाने) अंगातलं पाणी उतरलं की वजन घटतं, थकवा हृदयाचा असतो. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी कोणाचेही ३ भरतील. यात म्हातारपण किती आणि आजार किती, सांगा.

चालतीबोलती: म्हणून तर एकदा मोजून थांबायचं नाही, पुन्हा मोजायचं.

धाकटी लेक: तुमच्या मोजण्याचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय. बाबांच्या फाइलवर ‘फ्रेल’ लिहिलं, समजावून कोणी सांगितलं नाही. आम्ही घाबरलो. पाण्याचा पेला हातात, चपला पायात, पाठीला हात देऊन उठवणं. दोन महिन्यांत त्यांना कॉटवरून एकट्याने उठता येईना. चांगला चालता माणूस त्या एका शब्दाने झोपवला.

वॉर्डातली: ताई, शब्दाने नाही, तुम्ही झोपवलंत. नर्स म्हणून रोज बघते. मी आजोबांना ‘पाय खाली सोडा’ म्हणते, तोवर मुलाने उचललेलं असतं. घरचे मायेपोटी माणूस अधू करतात.

धाकटी लेक: रात्री दोन वाजता बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा तुम्ही होतात का तिथे? टाके मी बघितलेत. पुन्हा पडले तर बोल मलाच लागणार.

एकुलता: मी तर नोकरी सोडून आईजवळ बसलोय. आम्हाला दोष देण्याआधी डिस्चार्जच्या वेळी पाच मिनिटं बसून सांगा, काय करू द्यायचं आणि कुठे हात द्यायचा.

वॉर्डातली: सांगायला हवं, हे मान्य. ‘अधू करतात’ हा शब्द मागे घेते. पण उचलू नका, हे मागे घेणार नाही.

जुनाजाणता: मूळ विषय बाजूला पडला. मोजल्याने भलं होतं याला आधार काय?

चालतीबोलती: २०२१ चा रिहॅब-एचएफ हा अभ्यास. हार्ट फेल्युअरने दाखल झालेले साठी ओलांडलेले ३४९ पेशंट. तोल, ताकद, चालणं-फिरणं आणि दम, चारही गोष्टींवर काम, तेही वॉर्डातच सुरू. ३ महिन्यांनी एसपीपीबी १२ पैकी ८.३, नेहमीच्या उपचारात ६.९.

जुनाजाणता: आणि पुन्हा दाखल होण्यात ठळक फरक पडला नाही, तेही लिहा ना. शिवाय तो व्यायामाचा पुरावा आहे, मोजण्याचा नाही.

चालतीबोलती: नाही पडला. पण आधी तोल की आधी ताकद, हे न मोजता ठरवणार कसं? त्या आजींना मी आठवडाभर फक्त उंच खुर्चीवरून उठबस दिली. ट्रेडमिल नंतर.

जुनाजाणता: खुर्चीची चाचणी करीन. पकड आणि वजनावर अजूनही विश्वास नाही. आणि फाइलवर तो एक शब्द लिहिणार नाही, ‘५ पैकी ३ वेळा उठले’ असं लिहीन.

धाकटी लेक: तसं लिहिलं असतं तर मला कळलं असतं. ही उठबस बाबांकडून आता घरी करून घेऊ का?

चालतीबोलती: आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सरकते. तुम्ही शेजारी उभ्या राहा, हात पाठीला लावू नका.