शब्दचर्चा: कालप्रवास, अतिवास्तव, अतींद्रिय... मलपृष्ठावर काय लिहावं?

प्रश्न
मित्राच्या पहिल्या कादंबरीचा मलपृष्ठावरचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. नायिका वाड्याचा जिना उतरते ती थेट दीडशे वर्षं मागे. तिथं जो भेटतो, तिचा जीव ज्याच्यावर जडतो, तो मेलेला आहे की अजून मरायचा आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. मधल्या प्रकरणांत खोल्यांच्या जागा बदलतात, आडातून माणसांचे आवाज येतात. मी लिहिलं, ‘अतिवास्तव शैलीतली, अतींद्रिय छटा असलेली, कालप्रवासाची रोमँटिक थ्रिलर’. वाचून मलाच धाप लागली. सुटसुटीत मराठी सुचवा.

प्रतिसाद १
आधी ‘अतिवास्तव’ काढा. मूळ फ्रेंच शब्द कवी अपोलिनेरनं १९१७ साली घडवला, १९२४ मध्ये लेखक ब्रेतोंनं त्या नावाच्या चळवळीचा जाहीरनामा काढला आणि आपल्या समीक्षेत तो ‘अतिवास्तववाद’ म्हणून रुळला. तिथला ‘अति’ म्हणजे पलीकडचा. रोजच्या मराठीत मात्र ‘अति’ म्हणजे प्रमाणाबाहेर: अतिशहाणा, अतिघाई. दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चाळणाऱ्याला वाटायचं, फारच वास्तव आहे, दुष्काळावर असेल. ‘अतींद्रिय’मध्ये हाच ‘अति’ खटकत नाही, संधीत लपतो म्हणून. ‘स्वप्नवत’ लिहा.

प्रतिसाद २
‘स्वप्नवत’ मंगल कार्यालयांच्या जाहिरातींनी कधीच पळवलाय. खोल्या जागा बदलतात एवढंच सांगा, विशेषण वाचक स्वतः लावेल.
‘अतींद्रिय’लाही माझा विरोध. अतींद्रिय शक्ती माणसाकडे असते, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं वगैरे. आडातले आवाज त्यात बसत नाहीत. ‘अमानवी’ चालला असता, पण तो ‘अमानवीय’च्या इतका जवळचा की अत्याचाराच्या बातमीचा वास येतो. ‘भुताटकी’नं प्रेमकथेचं हसं होईल, ‘भानामती’ म्हटलं की दगड पडू लागतील. रत्नाकर मतकरींच्या कथांना आपण ‘गूढकथा’ म्हणत आलो. ‘गूढ’ पुरे.

प्रतिसाद ३
‘कालप्रवास’ जोडूनच छापला जाईल हे बघा. जागा सुटली की ‘काल प्रवास’, म्हणजे काल कुणीतरी कोल्हापूरला जाऊन आलं! ‘काळप्रवास’ केलात तर मृत्यूची सावली पडते, ती इथं हवीच असेल कदाचित. ‘कालांतर’ छान होता, पण ‘कालांतरानं’मुळे अडकून पडला. खरा कालप्रवासी शब्द म्हणजे ‘परवा’: परवा आला होता, परवा येणार आहे. क्रियापद येईपर्यंत माणूस मागे आहे की पुढे, पत्ता नाही. तुमच्या नायकाला अगदी शोभेल.

प्रश्नकर्ता
‘परवा’ लेखकाला कळवतो, शीर्षक अजून ठरलेलं नाही. ‘रोमँटिक’चं काय करू? ‘स्वच्छंदतावादी’ लिहिलं तर लोक केशवसुत शोधतील.

प्रतिसाद ४
‘प्रणयकथा’ जुनी वाटत असेल तर सरळ ‘प्रेमकथा’ लिहा. समीक्षेतला ‘अद्भुतरम्य’ खरं तर इथं नेमका बसतो, प्रेम आणि अद्भुत दोन्ही त्यात आलं. अडचण एवढीच की त्यानं ‘मंजुघोषा’ (१८६८) ही जुनी अद्भुतरम्य कादंबरी आणि तिच्या बहिणी आठवतात.
पण मला तुमच्या प्रश्नातला ‘कादंबरी’ हाच शब्द पुरेसा वाटतो. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आपण अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. तिची गोष्ट काय? राजाच्या दरबारात एक पोपट कथा सांगतो, त्या कथेत शाप आहेत, एकाच माणसाचे अनेक जन्म आहेत, नायक चंद्रापीड मरतो तरी त्याचा देह कुजत नाही, आणि कादंबरीच्या मिठीत तो पुन्हा डोळे उघडतो. बाणभट्ट मध्येच वारला, म्हणून पुस्तक मुलानं पुरं केलं. तुमच्या यादीतल्या कालप्रवासाचं यंत्र तेवढं नाही, आणि तुमच्याकडेही यंत्र नाही, जिना आहे. एवढं सगळं पोटात असलेल्या शब्दामागे पाच विशेषणं कशाला?

प्रतिसाद २
हे आवडलं, पण वाचकाला बाणभट्ट आठवत नाही. त्याला कादंबरी म्हणजे जाडजूड सामाजिक पुस्तक. ‘थरारक’ ठेवाच. ‘रहस्यकथा’ मात्र नको, ती बाबुराव अर्नाळकरांची. तिच्यात शेवटी गुन्हेगार सापडावा लागतो.

प्रश्नकर्ता
असं केलंय: ‘जिना उतरून ती दीडशे वर्षं मागे जाते आणि प्रेमात पडते. तो म्हणतो, काळ आला होता. वेळ आली होती का, ते तो सांगत नाही. एक गूढ, थरारक प्रेमकथा.’

प्रतिसाद ३
म्हण छान वळवलीत. ‘एक’ काढा, मराठीत त्याची गरज नाही.