मदत हवी आहे: इटलीतल्या पालेर्मोसारखा पाव सोलापुरात कुठे मिळेल?

मंडळी, सात रस्त्याजवळ दुपारी एक टपरी लागते, तिथे इटालियन सँडविच मिळतात. टोमॅटो, तुळस, मोझरेलावालं खाल्लं, फार आवडलं. पाव बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत. पण मला हवंय पालेर्मोचं ‘पाने ए पानेल्ले’. हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, पातळ थापून गार करायचं, वड्या कापून तळायच्या, तिळाच्या पावात भरून वर लिंबू पिळायचं. आपल्या पाटवडीची सख्खी बहीणच! टपरीवाले दादा करायला तयार आहेत, फक्त पाव हवाय. वरून तीळ लावलेला ताजा पाव कोणती बेकरी देते? शिवाय आई पूर्ण शाकाहारी आहे आणि अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. शाकाहारी रेनेटचं चीज इथे कुठे मिळतं? कृपया नक्की सांगा.