प्रतिसाद: गांडुळाकडून काय शिकावं

गांडुळाकडून नम्रता शिकावी असं वरच्या चर्चेत आलंय, ते पटतंच. मला त्याचं न साठवणं त्याहून मोठं वाटतं: खाल्लेलं बहुतेक सगळं चहाच्या भुकटीसारख्या दाण्यांत मातीला परत.

पण गांडूळखत करताना आधी त्याला जगू द्या. फुप्फुसं नसतात, ओल्या कातडीनं श्वास घेतं. बेड (खताचा वाफा) सुकला की गुदमरतं. कोल्हापुरात उसाचं पाचट (वाळलेला पाला) मुबलक. ते पेटवू नका, बारीक करून 15-20 दिवस मुरलेल्या शेणात मिसळा. ताजं शेण तापतं, त्यातच गांडुळं मरतात. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. आपल्याकडच्या पावसात वर छप्पर हवंच.

खत काढायच्या आधी 3-4 दिवस पाणी बंद. मग उजेडात ढीग करा, गांडुळं आपोआप तळाशी जातात. वरचा थर हातानंच काढा, खोरं नको.