मदत हवी आहे : 'फेड अवे' नेमकं कुठे वापरायचं?

नमस्कार मंडळी,

आमचं घर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतलं. आजोबा पाणी तापवण्याचे तांब्याचे बंब घडवायचे, काका अजूनही मठारकाम करतात. तांब्याच्या भांड्यावर ठोक्यांची ती चमकदार नक्षी उठते ना, ते. पुतणी कॉलेजच्या प्रदर्शनात या कामाचे फोटो लावते आहे आणि खालच्या इंग्रजी ओळी माझ्याकडे आल्यात.

गीझर आले, स्टील आलं, काम कमी होत गेलं. हे मी 'द क्राफ्ट वॉज फेडेड अवे' असं लिहिलं. एका मैत्रिणीने 'वॉज' खोडलं. दुसरी म्हणाली, 'डाइड आउट' लिही, ठसठशीत वाटेल. मला ते टोचतंय. आपल्याकडे पूर ओसरतो, रंग विटतो, सूर विरतो, आठवण पुसट होते. इंग्रजीत या सगळ्याला 'फेड अवे' चालतं का? पाटी सोमवारी द्यायची आहे.

प्रतिसाद १
ताई, 'फेड अवे' इथे अकर्मक आहे. सूर विरला म्हणतो तसंच, म्हणून 'वॉज' नको. नुसतं 'फेडेड अवे'. कोणी ठरवून टप्प्याटप्प्याने बंद केलं असेल तर 'वॉज फेज्ड आउट' बरोबर. आठवण, आवाज, आशा, उत्साह यांना 'फेड अवे' छान बसतं. कापड विटलं तर 'फेड' एवढंच पुरे. पूर 'रिसीड' होतो, औषधाचा असर 'वेअर ऑफ' होतो.

प्रतिसाद २
'डाय आउट' म्हणजे नामशेष होणं, डोडो पक्षी झाला तसं. काकांचा हातोडा चालू असताना ते लिहूच नका, चक्क खोटं ठरेल. १९५१ साली अमेरिकी काँग्रेससमोर जनरल मॅकआर्थर म्हणाले होते की जुने सैनिक मरत नाहीत, ते 'फेड अवे' होतात. 'डाय' आणि 'फेड' यांतलं अंतर त्या एका वाक्यात कळतं. आणि हो, आळीतून बाहेर पडताना ठोक्यांचा आवाज मागे मागे पडत जातो, त्याला 'डाय अवे' म्हणतात. 'आउट' नव्हे.

मनापासून आभार. आता असं केलंय : 'द क्राफ्ट इज फेडिंग अवे'. काकांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "बंबांची मागणी गेली गं, घंगाळाला अजून गिऱ्हाईक येतं." मग वाक्य पुन्हा बदललं : 'द डिमांड फॉर बंब्ज हॅज फेडेड अवे'. हे व्याकरणात बसतंय ना?

प्रतिसाद २
बसतंय. असंच छापा.