राजकीय मतांसाठी चर्चने सभासदांवर कारवाई करावी का?

प्रश्न : जुलै १९४९ मध्ये व्हॅटिकनने साम्यवादी पक्षात जाणूनबुजून सामील होणाऱ्या कॅथलिकांना संस्कार नाकारण्याचा हुकूम काढला. राजकीय मत हा चर्चच्या शिस्तीचा विषय असावा का?

उत्तर १ : रोख निरीश्वरवादी तत्त्वज्ञानावर होता, हे मान्य, परंतु केवळ मजुरीच्या लढ्यासाठी पक्षाचे कार्ड घेणाऱ्या इटालियन कामगाराला त्याच तराजूत तोलणे अन्यायाचे होते, आणि पुढेही तिथे लाखो मते त्या पक्षाला पडतच राहिली.

उत्तर २ : मला नेदरलँड्समधील गेरेफॉर्मेर्डे या प्रोटेस्टंट चर्चचा, एनएसबी (डच राष्ट्रीय समाजवादी चळवळ) या पक्षाच्या सभासदांवर चर्चच्या शिस्तीची कारवाई करण्याचा १९३६ चा निर्णय योग्य वाटतो, कारण तो पक्ष नाझीधार्जिणा होता.

उत्तर ३ : त्याच निर्णयात शांततावादी ख्रिस्ती पक्षालाही गोवले होते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत!