मदत हवी आहे: भगवा लिंबासारखा पिवळा यायलाय, काळा हिरवट, सब्लिमेशन प्रिंटरचा मॅजेंटा (गडद गुलाबी रंग) गायब

नमस्कार मंडळी, मी लातूरहून. घरीच मग आणि टी-शर्टचं सब्लिमेशनचं काम करते, म्हणजे खास इंकनं कागदावर छापायचं आणि गरम प्रेसमध्ये दाबून ते मगावर, कापडावर उतरवायचं. अडीच वर्षं झाली. ए-फोरचा चार टाक्यांचा प्रिंटर आहे, नवाकोरा घेतला तेव्हापासून त्यात सब्लिमेशनचीच इंक, साधी इंक एकदाही गेलेली नाही. हे आधीच सांगते कारण सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात.

तर झालं असं की गल्लीतल्या मंडळाची ऑर्डर आहे, ४० मग आणि ६० टी-शर्ट, आणि गणपती अकरा दिवसांवर आलेत. डिझाइनमध्ये मागं भगवा झेंडा आणि पुढं काळ्या अक्षरात मंडळाचं नाव, एवढंच. परवा पहिला मग काढला तर झेंडा लिंबासारखा पिवळा आणि काळी अक्षरं शेवाळ धरल्यासारखी हिरवट. मंडळाचा पोरगा सॅम्पल बघायला आलता, तो म्हणला ताई हा झेंडा आपला नाही. हसावं का रडावं कळंना.

काय काय केलं ते सांगते. प्रेसचं तापमान १८० वरून १९०, मग २०० केलं, टाइम १५० सेकंदांवरून २१० वर नेला, रंगाचं प्रोफाइल (सेटिंग) बदललं, कागदाचं नवीन पाकीट फोडलं, दुसऱ्या लॉटचा मग घेतला. काडीचा फरक नाही, उलट तीन मग वाया. हेड क्लिनिंग, म्हणजे इंक फवारणारा भाग साफ करायची प्रिंटरमधली सोय, मोजून नऊ वेळा मारलं. इथल्या एका रिपेरवाल्याला फोनवर सांगितलं तर न बघताच म्हणला हेड गेलं, साडेसहा हजार लागतील. तेवढ्यात माझ्या अख्ख्या ऑर्डरचा नफा जातो हो.

हेड खरंच गेलंय का? का प्रेसचा घोळ आहे? कुणीतरी सांगा प्लीज, रात्रीची झोप उडालीय.

—

फ्लेक्सवाला:
ताई, प्रेसला हातसुद्धा लावू नका आता. भगवा म्हणजे पिवळा अधिक मॅजेंटा. मॅजेंटा पडला नाही की पिवळाच उरणार. आणि तुमचा काळा पण नुसत्या काळ्या टाकीतून येत नसतो, प्रिंटर त्यात बाकीचे तिन्ही रंग मिसळतो, त्यातला मॅजेंटा गेला की निळा आणि पिवळा मिळून हिरवट झाक येते. म्हणजे तुमची दोन्ही दुखणी एकच आहेत. नोझल चेकचा, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांतून चारी रंगांच्या रेघा काढणाऱ्या टेस्ट पानाचा, फोटो टाका.

—

अनुभवी:
सोपा उपाय, सिरिंजमध्ये गरम पाणी घेऊन हेडमध्ये दाबून मारा, लगेच मोकळं होतं. माझ्याकडं असंच केलतं. आणि मॅजेंटा कमी पडला असेल तर साधी मॅजेंटा टाका सध्यापुरती, रंग तोच असतो.

—

फ्लेक्सवाला:
अहो काहीही काय सांगताय! दाबून मारलं तर आतला पडदा फाटतो, मग रंग एकमेकांत उतरतात आणि हेड खरंच जातं. आणि साधी इंक प्रेसमध्ये वाफ होऊन मगात शिरतच नाही, कागदावरच राहते. मगावर जे थोडंफार चिकटेल ते पहिल्या धुण्यात जाणार. ताई, हे दोन्ही करू नका, हात जोडतो.

—

मी (लातूर):
फोटो जोडलाय. सकाळी पहिला नोझल चेक काढला त्यात मॅजेंटाच्या तीनच रेघा तुटक होत्या. त्यानंतर दोन मगांचे कागद काढले आणि परत चेक केलं तर अर्ध्याच्या वर रेघा गायब, त्या पण वेगळ्याच जागेवरच्या. क्लिनिंग मारलं की थोड्या येतात, दोन प्रिंटनंतर परत जातात. बाकी तिन्ही रंग एकदम चांगले.

—

इचलकरंजीकर:
ओ ताई, टेन्शन घेऊ नका, हेड गेलेलं नाही असं मला तरी वाटतंय. हे बघा, नोझल तुंबून चोकअप असलं की रेघा कायम त्याच त्याच जागेवर तुटतात, तुम्ही दहा वेळा चेक काढा. तुमच्या जागा बदलायल्यात, आणि सुरुवातीला बरं असून प्रिंट काढेल तसं वाईट होतंय. ह्याचा अर्थ हेडला इंक पुरत नाही. नळीत हवा शिरलीय नाहीतर मागून इंक येण्याला अडथळा आहे.

आता मला तीन गोष्टी सांगा. मॅजेंटाची इंक टाकीवरच्या खालच्या रेघेच्या वर आहे का खाली? मधे प्रिंटर किती दिवस बंद होता? आणि मशीन कुठं हलवलं, तिरपं केलं का?

—

मी (लातूर):
दादा तुम्ही बघायला आलतात का काय घरी! बहिणीच्या बाळंतपणाला उदगीरला गेलते, वीस दिवस बंद होता. आल्यावर गौरी-गणपतीची साफसफाई काढली तेव्हा ह्यांनी प्रिंटर उचलून आतल्या खोलीत नेला, दारातून जाईना म्हणून आडवा केलता थोडा. टाकीचं आत्ता बघितलं. मॅजेंटा खालच्या रेघेच्या पण खाली गेलीय, नऊ क्लिनिंगमध्येच गेली असणार, आधी बरीच होती. आणि एक, मी नसताना ह्यांनी प्रिंटर बटणानं बंद न करता भिंतीवरच्या बोर्डावरूनच बंद केलता, लाइट बिल वाचवायला म्हणे.

—

इचलकरंजीकर:
झालं, सापडलं. क्रम असा लागतो. बटणानं बंद केला की हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं, टोपीमुळं नोझल ओल्या राहतात. बोर्डावरून करंट तोडला की हेड असेल तिथंच उघडं राहतं, वीस दिवसांत थोडं वाळलं, दोनचार नोझल बसल्या. हे किरकोळ होतं, एका दोन क्लिनिंगमध्ये सुटलं असतं. पण तुम्ही लागोपाठ नऊ मारलीत, टाकी रेघेखाली गेली आणि हेडनं इंकऐवजी हवा ओढली. आडवा केला तेव्हा पण थोडी शिरली असणार. मूळ आजार कमी, औषधाचाच त्रास जास्त.

आता असं करा. मॅजेंटाची बाटली घ्या, झाकण घट्ट लावून हळूहळू उलटीपालटी करा पाचेक मिनिटं. जोरात घुसळू नका, फेस होतो. सब्लिमेशनचा रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला नसतो, हळदीसारखा नुसता तरंगत असतो, ठेवला की तळाला बसतो. बाटली उजेडात धरून बुडाशी दाट थर दिसतोय का बघा. मग टाकी वरच्या रेघेपर्यंत भरा आणि प्रिंटर बटणानं बंद करून बारा तास हात लावू नका. खरंच लावू नका, हवेचे बुडबुडे आपोआप वर जायला वेळ द्यायचा. सकाळी आधी नोझल चेक, लागलं तरच एक क्लिनिंग, परत चेक. त्यानंतर साध्या कागदावर नुसत्या मॅजेंटाची दोन पूर्ण पानं काढा.

—

फ्लेक्सवाला:
सहमत. एवढं करून पण नाही आलं तर मेनूत पॉवर क्लिनिंग असतं काही मॉडेलमध्ये, नळीतली सगळी इंक नवी भरते. पण त्याला चारी टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या लागतात आणि इंक खूप खातं, शिवाय ती सगळी खालच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली इंक शोषणाऱ्या गादीत, जाते. पॅड भरलं की मशीन कामच थांबवतं. म्हणून शेवटचा उपाय म्हणूनच.

—

मी (लातूर):
बाटलीच्या बुडाला खरंच गडद किनार होती, जांभळट, बाटली हलवली की ढगासारखी वर उठायली. इतके दिवस मी वरचं पातळच ओतत होते तर! भरून ठेवलंय, बटणानं बंद केलंय, आणि पोरीला सांगितलंय प्रिंटरकडं फिरकायचं नाही. उद्या सांगते.

—

मी (लातूर), अपडेट:
सकाळी नोझल चेकमध्ये मॅजेंटाच्या फक्त दोन रेघा तुटक. एक क्लिनिंग मारलं, सगळ्या आल्या. दोन पानं मॅजेंटाची काढली, पहिल्या पानात मधे एक फिकट पट्टा होता, दुसरं एकसारखं गुलाबी. परत चेक, सगळ्या रेघा जागेवर. मग कागद काढला झेंड्याचा, कागदावर तर रंग मेलेलाच दिसतो ते माहितीय, पण प्रेसमधून मग काढला आणि काय सांगू, शेंदरासारखा भगवा! प्रेस परत १८० आणि १६० सेकंदांवर आणलाय.

एकच राहिलंय. टी-शर्टवर (पांढरा पॉलिस्टर, डॉट निट विणीचं कापड) काळा थोडा तपकिरी दिसतोय, मगावर एकदम कोळशासारखा आहे. २०० डिग्री, ९० सेकंद ठेवते.

—

इचलकरंजीकर:
भारी! टी-शर्टवर जास्त भाजताय ताई. २०० च ठेवा, टाइम ५० सेकंदांवर आणा, आणि छापायच्या आधी शर्ट पाचेक सेकंद प्रेसमध्ये दाबून ओल काढून घ्या, पावसाळ्यात कापड दमट असतंय, त्यानं पण डाग पडतात.

—

मी (लातूर):
५५ सेकंदांवर काळा एकदम बरोबर आला. सगळे मग झाले, टी-शर्ट २२ झाले. मंडळाचा पोरगा येऊन मग उजेडात फिरवून फिरवून बघून गेला, ह्या वेळी काही बोलला नाही, दोन मग स्वतःसाठी जादा सांगून गेला. ह्यांनी बोर्डावरच्या त्या बटणावर लाल टेप मारलीय आणि खाली खडूनं लिहिलंय, हात लावू नये. दोघांचेही खूप खूप आभार दादा. अजून ३८ शर्ट राहिलेत, पळते.